भरतीच्या वेळेचं लंडन

वेस्टमिन्स्टरच्या पुलावर एक आजोबा कठड्याला टेकून पाण्याकडे बघत उभे होते. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात नवं कोरं फुगीर जाकीट, गळ्यात सहलीचं ओळखपत्र. त्यांच्या गटातली बाकीची मंडळी घड्याळाच्या मनोऱ्याकडे पाठ करून फोटो काढून घेत होती. मी कामावरून घरी निघाले होते, पण टोपी दिसली आणि पाय रेंगाळले. "कुठून आलात?" असं विचारलं, तर त्याचं उत्तर बाजूलाच ठेवून त्यांनी मलाच विचारलं, "बाई, ही नदी उलटी का वाहतीया?" सकाळी बोटीतून नेलं तेव्हा पाणी त्या अंगाला चाललं होतं, आता ह्या अंगाला चाललंय, असं त्यांनी हाताने दाखवलं. कृष्णाकाठचे होते, सगळा जन्म नदीच्या शेजारी गेलेला. मी भरतीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात झेंडा धरलेला मुलगा "चला, चला, बस थांबणार नाही" करत आला. आजोबा वळून वळून नदीकडे बघत बसकडे गेले.

उत्तर माझ्या तोंडातच राहिलं.

त्या मुलावर माझा राग नाही. पुलाजवळ बस उभी करायला मिळते ती मोजून काही मिनिटं, आणि चाळीसेक माणसं हरवू न देता दिवसभर फिरवायची म्हणजे जिवाला घोर असतो. पण घरी जाताना गाडीत बसले तरी तो प्रश्न डोक्यातून जाईना. एवढ्या माणसांत नदी कुठल्या बाजूला वाहते हे बघितलं ते एकट्या आजोबांनी. सकाळचं पाणी लक्षात ठेवून संध्याकाळच्या पाण्याशी ताडून बघितलं तेही त्यांनीच. लंडन बघायला आलेल्या माणसाने याहून चांगलं काय करायचं असतं? आणि नेमक्या त्याच माणसाला दहा मिनिटं मिळाली नाहीत. या शहरात मी बरीच वर्षं राहते. दर उन्हाळ्यात माहेरची नाहीतर सासरची कोणीतरी माणसं येतात, त्यांच्याबरोबर मी हिंडते. सुट्टीच्या शेवटी बॅगा भरताना त्यांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक थकवा दिसतो, तो चालण्याचा नसतो. खूप काही डोळ्यांसमोरून गेलं आणि हाती काहीच लागलं नाही, असा तो असतो. हजारो रुपये आणि वर्षभर साठवलेली रजा खर्च करून आलेल्या माणसांना असं परत जाताना बघून मला खरंच वाईट वाटतं.

आजोबांना सांगायचं होतं ते असं. समुद्र इथून लांब आहे, पण थेम्सला दिवसातून दोनदा भरती येते. ती अख्ख्या शहरातून वर चढत पार टेडिंग्टनच्या बांधापर्यंत जाते. लंडन ब्रिजपाशी भरती-ओहोटीतला फरक सात मीटरच्या आसपास जातो, म्हणजे दोन मजले बुडतील एवढा. दाभोळच्या नाहीतर जयगडच्या खाडीकाठच्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही, पण वाईच्या घाटावर वाढलेल्याला वाटणारच. या भरतीमुळेच हे शहर इथे वसलं, वाढलं. पाण्याच्या ओढीवर जहाजं आपसूक आत यायची, ओहोटीबरोबर बाहेर जायची. पुढे त्याच भरतीची भीती वाटायला लागली, म्हणून पूर्वेला नदीत आडवे पोलादी दरवाजे बसवले. १९८० च्या दशकापासून मोठ्या उधाणाच्या वेळी ते बंद करतात. पाहुणे आले की मी आधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघते. ओहोटीच्या वेळी दक्षिण काठावरच्या पायऱ्या उतरून खाली गेलं की नदीचा तळच पायाखाली येतो. ओला चिखल, शेवाळाचा आणि गंजलेल्या लोखंडाचा वास, गुळगुळीत झालेले विटांचे तुकडे आणि मधूनच पांढऱ्या मातीच्या चिलमींच्या मोडक्या नळ्या. कुणी तीनशे वर्षांपूर्वी ओढून फेकलेली चिलीम आपल्या बुटाशेजारी पडलेली असते. उचलायची नाही हं, त्याला परवाना लागतो. नुसतं वाकून बघायचं. वर पुलावर बसगाड्यांचा आवाज आणि खाली लाटांची चुळचुळ. जिने चढून परत रस्त्यावर येईपर्यंत पाणी वाढायला लागलेलं असतं, तेव्हा वेळेचं भान ठेवायचं.

या शहराने पाहुण्याला एक फार मोठी सवलत दिली आहे आणि आपली माणसं ती वापरतच नाहीत. इथली मोठी सरकारी संग्रहालयं फुकट आहेत. तिकीट काढलं की पैसे वसूल करायचे म्हणून माणूस प्रत्येक दालन तुडवतो. फुकट असलं तर एकच वस्तू बघून बाहेर यायला काय हरकत आहे? पण तिकीट नसतानाही आम्ही वसुली करतोच. माझी मावशी आली होती, आयुष्यभर शिवणकाम केलेली. तिला मी ट्रफॅल्गर स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत नेलं आणि म्हटलं, आज एकच चित्र. होल्बाइनने १५३३ मध्ये काढलेले दोन राजदूत. पुरुषभर उंचीची दोन माणसं, मध्ये फडताळ, त्यावर पृथ्वीचे गोल, वाद्यं, तुर्की गालिचा. समोरच्या बाकावर ती बसली. पहिल्यांदा तिने सगळे कपडे वाचून काढले: फरचं अस्तर कुठे कसं दुमडलंय, बाहीला चीर देऊन आतलं कापड कसं बाहेर काढलंय, मखमल कुठे आणि रेशीम कुठे. हे मला कधीच दिसलं नव्हतं. मग तिच्या लक्षात आलं की वाद्याची एक तार तुटलेली आहे. आणि मग, "खाली हे तिरकं काय सांडलंय गं?" चित्राच्या पायथ्याशी एक लांबुळका फिकट डाग आहे. समोरून त्याचा काही अर्थ लागत नाही. मी तिला हाताला धरून उजव्या भिंतीजवळ नेलं, चित्राच्या अगदी कडेला, आणि तिथून बघायला सांगितलं. तिरक्या नजरेने बघितलं की तो डाग आक्रसतो आणि मानवी कवटी होते. मावशी पुन्हा समोर गेली, पुन्हा कडेला आली. तेवढ्या वेळात कितीतरी जण आले, मधोमध उभं राहून मोबाइलवर चित्र टिपून गेले. कवटी त्यांच्या फोटोतही असणार, तसाच डाग होऊन. आम्ही बाहेर पडलो, पायऱ्यांवर बसून घरचे पराठे खाल्ले. मावशी नंतर गावाकडे महिनाभर त्या फरच्या अस्तराबद्दल बोलत होती, असं माझी मामेबहीण सांगते.

बाकी सोयीच्या गोष्टी सांगायच्या तर थोड्याच आहेत. भुयारी रेल्वेचा नकाशा सुरेख आहे, पण १९३३ मध्ये तो असा सरळ रेषांचा झाला तेव्हापासून त्यात अंतर दिसत नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं चालत पाच मिनिटांवर आहेत. माणसं मात्र सरकते जिने उतरून, गाडी पकडून, परत लिफ्टने वर येतात. त्यापेक्षा बस घ्यावी, वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा धरावी. एकदा कार्ड टेकवलं की तासाभरात कितीही बस बदला, पैसे एकदाच कापतात. चुकीच्या बसमध्ये बसलात तरी काही बिघडत नाही. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत लख्ख उजेड असतो, डिसेंबरात चारच्या आत अंधारतं, त्यामुळे थंडीत येणाऱ्यांनी दुपारच्या जेवणाला फार वेळ घालवू नये. संध्याकाळी वॉटर्लू पुलाच्या मध्यावर उभं राहावं. नदी तिथे वळण घेते, म्हणून एका हाताला संसद आणि दुसऱ्या हाताला सेंट पॉलचा घुमट, दोन्ही दिसतात. 'लंडन आय'च्या उंच चाकात बसायला रांग लावण्यापेक्षा मला ते आवडतं. ज्यांना चाकातच बसायचंय त्यांनी जरूर बसावं, लहान मुलांना त्यात खरा आनंद होतो.

आता मामांची गोष्ट. मामा साताऱ्याचे, शाळेत इतिहास शिकवायचे. ते आले तेव्हा त्यांच्याकडे ठिकाणांची यादीच नव्हती. एक नाव होतं: रंगो बापूजी. "ते कुठे राहायचे, कुठे जायचे, ते मला बघायचंय," म्हणाले. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना ईस्ट इंडिया कंपनीने १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला आले आणि इथेच राहिले, एक-दोन नव्हे, सुमारे चौदा वर्षं. कंपनीचे संचालक, भागधारक, पार्लमेंटचे सभासद, जो ऐकेल त्याच्यापुढे ते महाराजांचं गाऱ्हाणं मांडत राहिले. पैशांची ओढाताण, थंडी, परकी भाषा. १८४७ मध्ये महाराजच काशीत वारले, पुढच्याच वर्षी डलहौसीने साताऱ्याचं राज्य खालसा केलं, तरी हा माणूस इथून हलला नाही. १८५३ मध्ये परत गेले. सत्तावन्नच्या धामधुमीत इंग्रजांनी त्यांच्या मुलाला मृत्युदंड दिला, आणि स्वतः रंगो बापूजी गायब झाले ते कुणाला सापडलेच नाहीत. साताऱ्यात हे सगळं शिकवलेला माणूस लंडनला येतो तेव्हा त्याने मेणाचे पुतळे कशाला बघायचे?

मामांना मी आधी सेंट पॉलला नेलं. संध्याकाळच्या गायनप्रार्थनेला तिथे तिकीट लागत नाही, हे फार थोड्या पाहुण्यांना माहीत असतं. घुमटाखाली बसलो. पोरांचे आणि पुरुषांचे स्वर वर चढायचे, घुमटात घोळत राहायचे आणि पुढची ओळ सुरू झाली तरी आधीची पुरती विरलेली नसायची. मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात. डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरून ते ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "आवाज फार निर्मळ आहेत. पण खाली तो झोपलाय ना?" तो म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १८०३ मध्ये असईला, आपल्या जालन्याच्या अंगाला, शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली. त्याची समाधी याच चर्चच्या तळघरात आहे. १८५२ च्या नोव्हेंबरात त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा लंडनचे रस्ते माणसांनी फुलून गेले होते. मामा पायऱ्यांवर थांबले आणि बोटांवर वर्षं मोजली. "म्हणजे रंगो बापूजी तेव्हा इथेच होते." हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं. गर्दीत ते उभे होते की खोलीत दार लावून बसले होते, कोण सांगणार? पण त्या दिवशी तोफा झडल्या, घंटा वाजल्या, त्या त्यांच्या कानावर पडल्या असणारच. मला ते गाणं आवडलं होतं, अजूनही आवडतं, संधी मिळाली की मी जाऊन बसते. आणि आता तिथे बसलं की असईही आठवते. दोन्ही एकाच वेळी मनात असतं, आणि त्यातलं एक काढून टाकावं असं मला वाटत नाही.

तिथून चालत चीपसाइड, बँक, कॉर्नहिल करत आम्ही लेडनहॉल स्ट्रीटला गेलो. ईस्ट इंडिया कंपनीची कचेरी या रस्त्यावर होती. बंगाल, मद्रास, मुंबईचे हुकूम इथून सुटायचे, साताऱ्याचा निकालही याच घरात झाला. खांबांची, भव्य दर्शनी भागाची ती इमारत १८६१ मध्ये पाडली. आज त्या जागी लॉइड्सची इमारत आहे, १९८६ मध्ये पुरी झालेली. तिचे नळ, जिने, लिफ्टा सगळं बाहेरून, चकचकीत पोलादाची. शेजारी व्हिक्टोरियन छताखालचा बाजार, तिथे ऑफिसातून सुटलेली मंडळी बिअरचे ग्लास हातात घेऊन उभी होती. सहलीच्या पत्रकात हा रस्ता नसतो, कारण बघायला काही उरलेलंच नाही. मामा मात्र त्या फुटपाथवर अर्धा-पाऊण तास होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले, परत आले. "चौदा वर्षं हाच रस्ता तुडवला त्यांनी," म्हणाले, "आणि दरवेळी आतून काय उत्तर यायचं?" काचेच्या लिफ्टा वर-खाली होत होत्या. मी कितीतरी वेळा त्या रस्त्याने बँकेच्या कामाला गेले होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मला तिथे कुणीतरी ताटकळत उभं असल्यासारखं वाटलं.

मोठ्या शहराला पुरून उरता येत नाही, त्यामुळे ते सगळं बघायचा हट्ट सोडलेला बरा, असं माझं ठाम मत झालंय ते मामांमुळे. आपला एक प्रश्न घेऊन यावं, स्वतःच्या गावातून, स्वतःच्या कामातून आलेला, आणि त्याच्या मागे मागे शहरभर फिरावं. वाटेत बाकीचं दिसतंच. मामांनी घड्याळाचा मनोरा बघितला, राजवाडा बसमधून बघितला, आणि त्यांना काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

त्यांच्यासाठी शोधलेली एक वाट आता मी प्रत्येक मराठी पाहुण्याला चालायला लावते. मेडा व्हेलमध्ये हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. तिथल्या १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. साठी ओलांडलेली, मंडालेहून सुटून चारच वर्षं झालेली, आणि चिरोल या इंग्रज पत्रकारावर केलेल्या अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी हा माणूस समुद्र ओलांडून आला. दावा हरले. घर खासगी आहे, तेव्हा बेल वाजवायची नाही, समोरच्या फुटपाथवरून बघायचं. कोपऱ्यावर लिटल व्हेनिसचा कालवा आहे. त्याच्या काठाने पूर्वेला निघायचं. लांबट अरुंद होड्यांवर माणसं राहतात, छपरांवर कुंड्या, सायकली, जळाऊ लाकडं रचलेली असतात. मध्येच कालवा बोगद्यात शिरतो, तेवढं वर रस्त्यावरून जाऊन परत काठावर उतरायचं. मग रीजेंट्स पार्कची झाडी, प्राणिसंग्रहालयाच्या जाळ्या. पुलावरून उजवीकडे नाही, डावीकडे वळायचं म्हणजे प्रिमरोझ हिलची टेकडी. वर गवतावर बसून सगळं लंडन एका नजरेत बघायचं, पाणी प्यायचं आणि पलीकडे उतरायचं. किंग हेन्रीज रोड, घर नंबर १०. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये हे घर घेतलं आणि आता तिथे स्मारक आहे, आत जाता येतं. इथून ब्रिटिश म्युझियमच्या त्या गोल घुमटाच्या वाचनालयात जाऊन ते तासन्‌तास बसायचे. रुपयाच्या प्रश्नावरच्या त्यांच्या प्रबंधाला लंडन विद्यापीठाने डॉक्टरेट दिली ती १९२३ मध्ये. दोन घरांमध्ये तास-दीड तासाची चाल. टिळक परतले १९१९ मध्ये, बाबासाहेब शिक्षण पुरं करायला पुन्हा आले १९२० मध्ये, त्यामुळे गाठ पडण्याचा प्रश्नच नव्हता. पण एकाच्या दारातून निघून दुसऱ्याच्या दारात पोचेपर्यंत आपण मनाशी जे बोलतो ते खूप असतं. माझ्या नणंदेचा मुलगा, जो फुटबॉलच्या मैदानाखेरीज काही बघायला तयार नव्हता, तो बाबासाहेबांच्या घरातून लवकर निघेना. काय वाचत होता ते मी विचारलं नाही.

आता जूनमध्ये माझी धाकटी जाऊ येते आहे. नाशिकला सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, रजा कशीबशी मिळालीये. तिने यादी पाठवली. सकाळी विंडसर, दुपारी टॉवर, संध्याकाळी नदीतली फेरी, हे सगळं एकाच दिवसात. मी फोनवर म्हटलं, अगं, संसदेसमोर नदीपलीकडे सेंट थॉमसचं हॉस्पिटल आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलची परिचारिकांची शाळा १८६० मध्ये सुरू झाली ती या हॉस्पिटलची. तिथेच तिचं संग्रहालय आहे, अगदी पुलाला लागून. तुझ्या यादीत ते कसं नाही? ती क्षणभर गप्प झाली. परिचारिकेची शपथ घेताना हातात दिवा धरलेला जावेचा फोटो आमच्या सासरच्या भिंतीवर आहे. "ते तिथेच आहे? आत जाता येतं?" येतं म्हटलं, तिकीट मी काढते, पण त्या दिवसातल्या बाकीच्या दोन गोष्टी तू काढून टाक.

"एक काढते," ती म्हणाली. विंडसर की टॉवर, ते अजून ठरायचंय.